मुद्रेवाचून पोवाडा : निवडणूक-प्रचारातील प्रतिमानिर्मिती आणि तिची नीती

१

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव महाराष्ट्राला एका मरणामुळे ठाऊक आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी ह्या गावानजीकच्या खिंडीत सरसेनापती प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामास आले. इंग्रजांच्या वतीने रायगडाशी बोलणी करणाऱ्या नारायण शेणव्याने त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात लिहिलेल्या पत्रात ह्या घटनेचा उल्लेख असून प्रतापरावांबरोबर सहा स्वार पडले, असे त्यात म्हटले आहे. पुढे बखरींनी ह्या घटनेत रंग भरला, कुसुमाग्रजांनी तिच्यावर कविता रचली, त्या कवितेला लता मंगेशकरांचा स्वर लाभला आणि खिंडीत स्मारक उभे राहिले. त्या सहा जणांची नावे निरनिराळ्या परंपरांत निरनिराळी सांगितली जातात. तथापि सात ह्या संख्येला समकालीन पत्राचा आधार आहे.

प्रतिमा कशी घडते, ह्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास ही घटना उपयोगी पडेल. येथे पत्र वेगळे, बखर वेगळी आणि कविता वेगळी. प्रत्येकीचा कर्ता कोण, हे वाचकास ठाऊक आहे किंवा निदान शोधून काढता येते. प्रतिमेचा कोणता भाग कोणी घातला, हे ओळखता येत असल्यामुळे कवीने केलेल्या गौरवाची इतिहासाला अडचण होत नाही.

२०२४ सालच्या विधानसभा निवडणुकीच्या दिवसांत बोलीच्या नोंदी घेण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे नेसरीस जाणेयेणे होते. एका घरी नोंद चालू असता गृहस्वामिनीच्या, म्हणजे सत्तरी उलटलेल्या एका आजींच्या, भ्रमणध्वनीची घंटा वाजली. पलीकडून एका पुढाऱ्याचा आवाज आला. "नमस्कार, मी बोलतोय," अशी सुरुवात करून त्या आवाजाने आजींच्या प्रकृतीची चौकशी केली. आजी ह्या भागातील स्त्रियांच्या रीतीप्रमाणे पुल्लिंगी क्रियापद वापरून उत्तरल्या, "बोल बाबा, ऐकतोय मी." आवाज पुढे बोलतच राहिला. आजींनी गावच्या पाण्याविषयी काही सांगू पाहिले, पण आवाज थांबला नाही. अखेर दूरध्वनी बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यो बोलतोय ते बोलतोय, पर ऐकंना."

तो आवाज ध्वनिमुद्रित होता, हे येथे सांगावयास नकोच. परंतु प्रश्न केवळ यंत्राचा नाही. त्या आवाजातील 'मी' कोणाचा होता, हा खरा प्रश्न आहे. पुढाऱ्याने ती वाक्ये स्वतः रचली नव्हती. ज्यांनी रचली ते आजींना दिसत नव्हते, आणि ज्याच्या नावे ती उच्चारली गेली तो ऐकत नव्हता. निवडणूक-प्रचारातील व्यावसायिक प्रतिमानिर्मितीच्या नीतीचा विचार भाषेच्या अभ्यासकाने ह्या 'मी'पासून सुरू करावा, असे आम्हांस वाटते.

२

पैसे घेऊन स्तुती करणे ही मराठी समाजाला नवी गोष्ट नव्हे. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा (काहींच्या मते अगिनदासाचा) पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुना मानला जातो. हॅरी अॅकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात तो छापला गेला. हा पोवाडा जिजाबाईंच्या सांगण्यावरून रचला गेला, अशी परंपरा आहे. शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचे तर पोवाडाच सांगतो. म्हणजे ज्याला आज आपण प्रचार म्हणू तो हा आहेच. पण येथे रचणाऱ्याचे नाव आणि त्याला मिळालेला मोबदला ह्या दोन्ही गोष्टी रचनेच्याच पोटात नमूद आहेत. पुढील काळातील रामजोशी, होनाजी बाळा, अनंत फंदी ह्या शाहिरांनीही कवनाच्या अखेरीस आपली मुद्रा घालण्याची चाल पाळली. श्रोत्याला स्तुती ऐकावयास मिळे आणि ती कोणाकडून आली हेही कळे. तिच्यावर किती विश्वास ठेवावा, हे मग त्याने ठरवावयाचे.

दुसरा दाखला राजपत्रांचा घेता येईल. छत्रपती शिवाजीमहाराजांची पत्रे बाळाजी आवजी चिटणिसांसारखे लेखक लिहीत. म्हणजे शब्द चिटणिसांचे असत. तरी त्या पत्रावर आरंभी शिक्का व अखेरीस मोर्तब उठले की पत्र राजाचे होई, आणि त्यातील आज्ञेची व आश्वासनाची जबाबदारी राजावर येई. मोर्तब हे पत्राच्या समाप्तीचे चिन्ह होते, तसेच ते ह्या जबाबदारीचेही चिन्ह होते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन ह्यांनी १९७९ साली लिहिलेल्या आणि १९८१ साली ग्रंथरूपाने आलेल्या एका निबंधात 'बोलणारा' ह्या एका कल्पनेचे तीन भाग केले आहेत. ज्याच्या मुखातून ध्वनी बाहेर पडतो तो उच्चारक, ज्याने शब्द योजले तो रचयिता, आणि ज्याची भूमिका त्या शब्दांनी प्रस्थापित होते व ज्याला ती निभवावी लागते तो त्या शब्दांचा धनी. रोजच्या बोलण्यात हे तिघे एकच असतात. राजपत्रात ते वेगळे असतात, परंतु मोर्तब धन्याला शब्दांशी बांधून ठेवते. पोवाड्यातही ते वेगळे असू शकतात. तेथे मुद्रा रचयित्याला प्रकट करते. भाषेच्या व्यवहारात कामाची वाटणी चालते, असा ह्याचा अर्थ आहे. मात्र वाटणी झाली तर ती उघड असावी आणि शब्दांना कोणीतरी धनी असावा, ही त्या व्यवहाराची अट होय.

मराठीत 'बोलविता धनी' असा एक शब्दप्रयोग आहे. संतवाङ्मयात तो परमेश्वराला उद्देशून आला. आजच्या वृत्तपत्रीय मराठीत तो पडद्याआड राहून दुसऱ्याच्या तोंडून बोलणाऱ्या माणसाविषयी वापरला जातो. अर्थाचा हा अपकर्ष उद्बोधक आहे. धनी दडून बसू लागला की भक्तीचा शब्ददेखील संशयाचा होतो.

३

निवडणुकीचा व्यावसायिक सल्लागार ह्या व्यवहारात केव्हा आला? क्लेम व्हिटेकर व लिओनी बॅक्स्टर ह्यांनी १९३३ साली कॅलिफोर्नियात स्थापन केलेली कॅम्पेन्स इनकॉर्पोरेटेड ही ह्या धंद्यातील आद्य संस्था समजली जाते. १९३४ साली गव्हर्नरपदासाठी उभे राहिलेले कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर ह्यांच्याविरुद्ध ह्या संस्थेने जी युक्ती वापरली ती आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सिंक्लेअर ह्यांच्या कादंबऱ्यांतील पात्रांच्या तोंडची वाक्ये उचलून ती लेखकाची स्वतःची मते म्हणून लोकांपुढे मांडण्यात आली. शब्द खरे होते, पुस्तकेही खरी होती. खोटा होता तो केवळ धनी. सिंक्लेअर पराभूत झाले. ह्या धंद्याच्या अगदी आरंभीच वाक्य आणि वक्ता ह्यांची फारकत करण्याचे हे तंत्र दिसते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

भारतात १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस पक्षाने रीडिफ्युजन ह्या जाहिरात संस्थेकडे प्रचार सोपविला होता. २००४ साली 'इंडिया शायनिंग' ही मोहीम गाजली, परंतु ती ज्या सरकारची होती त्याचा पराभव झाला. २०१३ साली प्रशांत किशोर व त्यांचे सहकारी ह्यांनी एक गट उभा केला आणि २०१४ च्या निवडणुकीनंतर 'निवडणूक-रणनीतिकार' हा शब्द भारतीय वृत्तपत्रांत रूढ झाला. ह्या मंडळींचे कार्य जुन्या जाहिरात संस्थेहून वेगळे आहे. जाहिरात संस्था पक्षाचे म्हणणे आकर्षक रीतीने मांडी. सल्लागार संस्था आधी मतदारांची पाहणी करते, त्यांना काय ऐकावेसे वाटते ते शोधते, आणि मग पुढाऱ्याने काय म्हणावे, कोणता वेष करावा, कोणत्या नात्याने हाक मारावी ह्याचा आराखडा देते. राजपत्राच्या व्यवहारात राजाचा मनोदय आधी आणि चिटणिसाचे शब्द मागून येत. येथे शब्द आधी ठरतात आणि मनोदय त्यांना जुळवून घेतो. प्रश्न नीतीचा होतो तो ह्या उलटापालटीमुळे.

४

महाराष्ट्रातील तीन उदाहरणे तपासू. ती तीन निरनिराळ्या पक्षांची आहेत, कारण दोष एका पक्षाचा नाही.

पहिले उदाहरण २००९ चे. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीच्या काळात तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण ह्यांची स्तुती करणारा एकच मजकूर एकाहून अधिक मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः वृत्त म्हणून छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी निदर्शनास आणले. प्रकरण निवडणूक आयोगापुढे गेले. खर्चाचा हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा आयोगाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये मान्य केला. जुलैमध्ये आयोगाने चव्हाण ह्यांच्याविरुद्ध आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे संपला. भाषेच्या दृष्टीने तो संपत नाही. निरनिराळी वृत्तपत्रे एकच परिच्छेद आपापला म्हणून छापतात, तेव्हा त्याचा रचयिता कोण, ह्याचे उत्तर वाचकाजवळ नसते. ही मुद्रा पुसलेली स्तुती होय.

दुसरे उदाहरण २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील भारतीय जनता पक्षाच्या जाहिरातींचे. 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' हे त्यांतील घोषवाक्य सर्वतोमुखी झाले आणि त्याची विडंबनेही पुष्कळ झाली. वाक्यरचनेकडे पाहावे. 'नेऊन ठेवला' ह्या क्रियेचा कर्ता वाक्यात नाही. तो ऐकणाऱ्याने भरावयाचा आहे. 'माझा' म्हणणारा कोण, हेही सांगितलेले नाही. तेथे प्रत्येक मतदाराने स्वतःला बसवावयाचे आहे. आरोप करणारा आणि आरोपी ह्या दोन्ही जागा रिकाम्या सोडल्यामुळे वाक्य प्रभावी झाले. परंतु त्यामुळेच त्यातील म्हणणे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावरही राहिली नाही.

तिसरे उदाहरण २०२४ चे, आणि ते सर्वांत सूक्ष्म आहे. त्या वर्षी लोकसभेत चारपैकी एकच जागा मिळाल्यावर अजित पवार ह्यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाने नरेश अरोरा ह्यांच्या डिझाइनबॉक्स्ड ह्या संस्थेकडे प्रचाराची आखणी सोपविली. ह्या संस्थेने पूर्वी काँग्रेससाठीही काम केलेले होते. ऑगस्टमध्ये दिंडोरीहून जनसन्मान यात्रा निघाली आणि पक्षाने गुलाबी रंग अंगीकारला. करडेपणाविषयी प्रसिद्ध असलेला नेता गुलाबी जॅकेटात बहिणींशी हितगुज करताना महाराष्ट्राने पाहिला. नोव्हेंबरात पक्षाचे ४१ उमेदवार निवडून आले. ह्यात वेषाचा वाटा किती आणि योजनांचा किती, हे सांगणे कठीण आहे. नेसरी ज्या चंदगड मतदारसंघात येते तेथे ह्याच पक्षाच्या विद्यमान आमदाराचा एका अपक्षाने पराभव केला, हेही विसरता येत नाही. सल्लागारांच्या सामर्थ्याविषयी जी अतिशयोक्ती चालते तिला एवढा एक दाखला पुरे आहे.

आमचे लक्ष आहे ते शब्दांकडे. प्रचाराच्या केंद्रस्थानी असलेल्या योजनेचे पूर्ण नाव 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' असे आहे. ती अर्थमंत्री ह्या नात्याने अजित पवार ह्यांनी २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात जाहीर केली आणि तिच्यात पात्र स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देण्याचे ठरले. ज्या मध्यप्रदेशात २०२३ साली अशीच योजना आली तेथील नावात 'माझी' हा शब्द नाही. तो मराठीत घातला गेला. 'माझी' हे प्रथमपुरुषी सर्वनाम आहे. त्याचा अर्थ बोलणारा कोण ह्यावर ठरतो. परंतु 'मुख्यमंत्री' ह्या पदाला विभक्तिप्रत्यय नसल्यामुळे 'माझी' म्हणणारा मुख्यमंत्रीच, असे व्याकरण सक्तीने सांगत नाही. सर्वनाम मोकळे राहिले आणि सरकारातील प्रत्येक घटकपक्षाला त्यात शिरता आले. पवारांच्या पक्षाच्या जाहिरातींतून 'मुख्यमंत्री' हा शब्द गळल्याबद्दल सप्टेंबर २०२४ मध्ये सहकारी पक्षाच्या मंत्र्यांनी हरकत घेतली, हे वृत्त ह्या दृष्टीने वाचावे. सार्वजनिक तिजोरीतून होणाऱ्या खर्चाचा 'मी' कोण, असा तो वाद होता. त्या 'मी'ची जागा वस्तुतः करदात्या जनतेची होती; वादात तिची आठवण कोणी काढली नाही.

ह्याच प्रचारातील दुसरा शब्दप्रयोग 'दादाचा वादा'. मराठीत आश्वासनाला 'शब्द' म्हणतात. शब्द देतात, शब्द पाळतात, शब्दाला जागतात. ज्याने शब्द दिला तो त्या शब्दाने बांधला गेला, ही समजूत ह्या वाक्प्रचारांच्या मुळाशी आहे. यमकासाठी येथे हिंदीतून 'वादा' आणावा लागला. मुळातला हाच अरबी शब्द मराठीत 'वायदा' ह्या रूपाने पूर्वीच रुजला असून त्याचा अर्थ मुदत असा झाला आहे. वायदेबाजारात माल हाती न येताही सौदा होतो. सल्लागाराला यमक हवे होते, ते मिळाले. शब्दाच्या पोटातील बांधिलकी मात्र त्या अदलाबदलीत हरवली.

५

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात.

पहिला असा की, भाषणे लिहून देणारे पूर्वीही होते. मग सल्लागारालाच दोष का द्यावा? ह्याचे उत्तर वर आलेच आहे. दुसऱ्याने लिहून देण्यात दोष नाही. जो पुढारी लिहून आलेले भाषण वाचतो, ते पटले म्हणून वाचतो आणि पाच वर्षांनी त्याबद्दल जाब देण्यास उभा राहतो, त्याने त्यावर मोर्तब केले असे आम्ही म्हणू. निकालाच्या दिवशी ज्या शब्दांचा करार संपतो, त्या शब्दांवर मोर्तब होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मतदार भोळा नाही. त्याला हे सर्व कळते आणि तो आपले हित पाहूनच मत देतो, असे म्हटले जाते. ते पुष्कळ अंशी खरे आहे. आजींना तो आवाज ऐकत नाही हे कळलेच होते. परंतु फसवणूक ओळखता येणे आणि शब्द देणाऱ्याला गाठता येणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाण्याविषयीचे गाऱ्हाणे ऐकणारा पलीकडे कोणी नसेल तर शहाणपण आजींच्या काय कामाचे? प्रतिमेमुळे मतदार फसतो ही हानी लहान आहे. आपले म्हणणे कोणापाशी मांडावे हेच त्याला कळेनासे होते, ही मोठी.

येथे प्रशांत किशोर ह्यांच्या पुढील वाटचालीचा उल्लेख करणे न्यायाचे होईल. दुसऱ्यांच्या प्रतिमा घडविण्याचे काम सोडून त्यांनी २ ऑक्टोबर २०२४ रोजी स्वतःचा पक्ष स्थापन केला. २०२५ च्या बिहार निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. यशापयशाचा विचार बाजूस ठेवून आम्ही असे म्हणू की, नीतीच्या दृष्टीने हा व्यवहार पूर्वीपेक्षा स्वच्छ होता. शब्द रचणारा त्या शब्दांचा धनी होऊन लोकांपुढे उभा राहिला आणि लोकांनी त्याला थेट उत्तर दिले.

६

आता हा प्रश्न आमच्या विभागाच्या दाराशी कसा येतो ते सांगून हा लेख संपवितो. भाषेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला आमचा एक विद्यार्थी अशाच एका संस्थेत मजकूर लिहिण्याचे काम करतो. तो भेटावयास आला असता म्हणाला, "सर, मी दिवसाला चाळीस वाक्ये 'मी'ने सुरू होणारी लिहितो. त्यांतले एकही माझे नसते, आणि साहेबांनी तर ती वाचलेलीही नसतात." पगार चांगला आहे, घरी आजारपण आहे, आणि मराठी विषयात दुसरी नोकरी दिसत नाही. ते काम सोड, असे त्याला सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. सर्वनामाचे व्याकरण आम्ही त्याला शिकविले. सर्वनामाची जबाबदारी शिकविली नाही, एवढे मात्र कबूल करावे लागते.

कायद्याने काही वाट दाखविली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक ह्यांची नावे व पत्ते छापणे बंधनकारक आहे. ही शाहिराच्या मुद्रेचीच कायदेशीर आवृत्ती होय. परंतु मुद्रक म्हणजे रचयिता नव्हे. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराच्या खर्चावर २०२२ पासून ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चावर मर्यादा नाही, आणि सल्लागारांचे मोठे करार पक्षाशी होतात. पक्षांना विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत खर्चाचे विवरण आयोगाकडे द्यावे लागते. त्यात सल्लागार संस्थेचे नाव, तिचे काम आणि तिला दिलेली रक्कम स्वतंत्रपणे दाखविणे सक्तीचे करावे. प्रत्येक जाहिरातीवर आणि प्रत्येक ध्वनिमुद्रित संदेशाच्या आरंभी रचणाऱ्या संस्थेचे व पैसे देणाऱ्याचे नाव असावे. अज्ञानदासाने जे आपण होऊन केले तेवढेच आम्ही मागत आहो.

विभागाने स्वतः करावयाचे कामही आहे. निवडणुकीतील पत्रके, घोषवाक्ये व ध्वनिसंदेश मतमोजणीनंतर आठवड्याभरात नाहीसे होतात. त्यांचा संग्रह तालुकावार करावा, त्यांवर तारखा घालाव्यात आणि पाच वर्षांनी तो कोणासही पाहावयास खुला ठेवावा. नारायण शेणव्याचे एक पत्र टिकले म्हणून नेसरीच्या खिंडीतील सात ही संख्या आज पडताळता येते. आजींना आलेल्या त्या संदेशाची नोंद आमच्या वहीत तारीखवार आहे. त्यात दिलेले आश्वासनही आहे. संग्रहातील पहिली नोंद ती असावी, अशी आमची सूचना आहे.